पोटमाळ्यावर रात्री वावरणारा प्राणी कोणता, आणि शाकारणीपूर्वी त्याचे काय करावे?

चिमणपुरेकर :

नमस्कार. साताऱ्यात चिमणपुरा पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे वडिलोपार्जित घर आहे. भिंती जाड दगडमातीच्या, वर मंगलोरी कौले, कौलांखाली पोटमाळा आणि पोटमाळ्याखाली सागवानी तक्तपोशी (फळ्यांचे छत). परसात चिकू, दोन पपया आणि एक जुना उंबर असून उंबराची एक फांदी थेट मागच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) टेकलेली आहे. घरात आई-वडील, आम्ही पती-पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असे पाच जण राहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर पोटमाळ्यावर काहीतरी राहायला आले आहे. दिवेलागणीनंतर तासाभरात तक्तपोशीच्या वरून जड पावले मागच्या वळचणीकडे (छपराच्या खालच्या कडेकडे) जातात, एखादे कौल खडखडते आणि पाठोपाठ उंबराची फांदी हलल्याचा आवाज येतो. रात्रभर शांतता असते. पहाटे पाख्यावर धप्प असा आवाज होतो आणि तीच पावले वळचणीकडून आढ्याच्या (छपराच्या सर्वांत उंच कण्याच्या) दिशेने परत जातात. मधल्या खोलीच्या तक्तपोशीवर पिवळट डाग पडला आहे व तेथे उग्र वास येतो. परसाच्या भिंतीच्या माथ्यावर अधूनमधून विष्ठा दिसते आणि तिच्यात चिकूच्या काळ्या, चकचकीत बिया जशाच्या तशा असतात. अद्याप तो प्राणी आमच्यापैकी कोणीही नीट पाहिलेला नाही. वडिलांना एकदा विजेरीच्या प्रकाशात लांब शेपूट तेवढी दिसली.

स्वयंपाकघरातील प्रकार याहून वेगळा आहे. तेथे तांदळाच्या पोत्याचा कोपरा कुरतडलेला आढळला, मिक्सरच्या वायरीवर दातांच्या खुणा दिसल्या आणि डब्यांच्या फळीवर बारीक लेंड्या पडलेल्या असतात. घरातील ज्येष्ठांच्या मते हे सर्व एकाच प्राण्याचे काम आहे; मला मात्र तसे वाटत नाही.

शेजाऱ्यांनी सुचवलेले उपाय असे : पोटमाळ्यावर उंदीर मारण्याची पेस्ट लावलेल्या भाकऱ्या ठेवाव्यात, गंधकाची धुरी द्यावी, किंवा पिंजरा लावून प्राणी पकडावा आणि यवतेश्वरच्या घाटात सोडून यावे. आमची शाकारणी (कौलांची डागडुजी) वळवाच्या पावसाआधी व्हायची आहे. त्या वेळी कौले उतरवली जातीलच, तेव्हा सर्व फटी एकदाच बुजवून टाकाव्यात, असे आमच्या गवंड्याचे म्हणणे आहे. तरी हा प्राणी कोणता, त्याला पकडणे कायद्याने चालते का, आणि फटी बुजवण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मेढ्याचा रहिवासी :

आपले निरीक्षण बारकाईचे आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पोटमाळ्यावर राहणारा प्राणी उदमांजर आहे आणि स्वयंपाकघरातील उपद्रव उंदरांचा आहे. म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगवेगळे करावे लागतील.

उदमांजराची सर्वांत खात्रीची खूण म्हणजे आपण नोंदवलेली दिशा. अंधार पडल्यावर आतून बाहेर आणि उजाडण्यापूर्वी बाहेरून आत, असा क्रम दिवसभर झोपून रात्री चरणाऱ्या प्राण्याचाच असतो. उंदीर रात्रभर ये-जा करतात आणि त्यांच्या पायांचा आवाज हलका व घाईचा असतो. वानरे अंधार पडला की झाडावर स्थिर होतात. जुन्या माळ्यांवर गव्हाणी घुबडही राहते, परंतु ते असते तर फुत्कारासारखा आवाज आला असता आणि खाली त्याने उलटून टाकलेल्या केस व हाडांच्या गोळ्या सापडल्या असत्या. वटवाघळांची लेंडी बोटांनी दाबली की तिचा भुगा होतो आणि पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. फळांच्या अखंड बिया असलेली विष्ठा मात्र उदमांजराचीच. डाग पडलेल्या जागी दर्प येत असला, तरी उदमांजर नुकतेच येऊन गेले असेल तेथे पुष्कळांना आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास येतो. आपल्या घरी तसा येतो का, हे आईंना विचारून पाहावे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या तो चटकन लक्षात येतो.

अधिक खात्री हवी असल्यास वळचणीपाशी, जेथून तो बाहेर पडतो असे वाटते तेथे फळीवर पिठाचा पातळ थर पसरावा. मांजराच्या ठशात चार बोटे उमटतात, उदमांजराच्या पाचही उमटतात.

पूर्ण वाढलेल्या उदमांजराचे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि शेपूट जवळजवळ धडाइतकी लांब असते. त्याचा मुख्य आहार फळांचा. उंबर, जांभूळ, चिकू, पपई आणि आमच्या खोऱ्यात भेरली माडाची फळे तो आवडीने खातो. (भेरली माडाची जी रोपे जंगलात कोठेही उगवलेली दिसतात, त्यांपैकी अनेकांच्या बिया याच वाटेने तेथे पोहोचलेल्या असतात.) फळांबरोबर तो उंदीर, सरडे आणि किडेही खातो. माणसाच्या अंगावर तो आपणहून येत नाही. पळायला जागाच ठेवली नाही तर मात्र कडकडून चावतो.

कायद्याविषयी : १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने उदमांजराला संरक्षण दिलेले आहे आणि त्या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत पकडणे व सापळा लावणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे पिंजऱ्यात पकडून यवतेश्वरला सोडण्याचा बेत सोडून द्यावा. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. अनोळखी मुलखात सोडलेल्या प्राण्याला निवारा आणि खाणे नव्याने शोधावे लागते, तेथील इतर उदमांजरांशी झुंजावे लागते. आणि इकडे आपल्या उंबराला फळे येत राहणार व वळचणीची वाट उघडी राहणार, म्हणून रिकाम्या जागेत दुसरे उदमांजर येणार. प्राणी जखमी असेल किंवा घरात अडकला असेल तर वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.

कराडचा सुतार :

मी जुन्या घरांच्या लाकूडकामाची दुरुस्ती करतो, म्हणून फक्त कामाच्या क्रमाविषयी लिहितो. आपल्या गवंड्याने सुचवलेली वेळ योग्य आहे, पण क्रम चुकीचा आहे. शाकारणीचे काम दिवसा चालते आणि दिवसा हा प्राणी आत असतो. त्या वेळी सर्व फटी बुजवल्या तर तो आत कोंडला जाईल आणि बाहेर पडण्यासाठी तक्तपोशी ओरबाडून काढील. मादी असेल आणि पिल्ले असतील तर परिस्थिती आणखी बिकट होते. आई बाहेर, पिल्ले आत, अशा अवस्थेत ती मादी रात्रभर कौले उचकटत राहते. पिल्ले आत मेली तर तो वास घालवायला संपूर्ण तक्तपोशी उतरवावी लागते.

म्हणून प्रथम पिल्ले आहेत की नाहीत, हे ठरवावे. उदमांजराच्या विणीचा एकच ठरावीक हंगाम नसतो, त्यामुळे महिन्यावरून अंदाज बांधता येत नाही. रात्री आई बाहेर गेल्यावर तक्तपोशीला कान लावून ऐकावे. बारीक चिरके आवाज आले तर पिल्ले आहेत, असे समजून थांबावे. साधारण तीन महिन्यांची झाली की ती स्वतंत्रपणे फिरू लागतात.

पिल्ले नसतील तर वाटा शोधण्याचे काम हाती घ्यावे. भर दुपारी पोटमाळ्यावर दिवा न लावता बसले की ज्या ज्या ठिकाणी उजेड आत येतो ती ठिकाणे खडूने खुणावता येतात. तो प्राणी तेथेच झोपलेला असल्याने हे काम आढ्याखाली न जाता दाराजवळूनच करावे. जुन्या घरांत सर्वांत मोठी वाट नेहमी एकाच जागी असते : वासे भिंतीच्या माथ्यावर टेकतात तेथे दोन वाशांच्या मधली जागा पूर्वी मातीने भरलेली असे, ती माती झडून गेलेली असते आणि बाहेरून वळचणीमुळे ते भोक दिसत नाही. दुसरी वाट आढ्याच्या सरकलेल्या कौलांखाली आणि तिसरी तक्तपोशीच्या कडेला, जेथे वायरिंगसाठी कोणीतरी फळी कापून तशीच सोडून दिलेली असते. हे तिसरे भोक उदमांजराच्या उपयोगाचे नसते. उंदीर मात्र पोटमाळ्यावरून स्वयंपाकघरात त्यातूनच उतरतात.

मुख्य वाट सोडून बाकीच्या सर्व वाटा आधी बंद कराव्यात. मुख्य वाटेत वर्तमानपत्राचा हलका बोळा ठेवावा. सलग तीन-चार रात्री तो बोळा जागचा हलला नाही, तर ती वाट वापरात नाही असे समजून बुजवावी. तो बाहेर ढकलला जात असेल, तर वरच्या बाजूला बिजागरी लावून फक्त बाहेरच उघडणारी पत्र्याची झडप बसवावी. संध्याकाळी प्राणी तिला ढकलून बाहेर जातो आणि पहाटे त्याला आत येता येत नाही. त्यानंतर काही रात्री पिठावर नवा ठसा उमटला नाही, याची खात्री झाल्यावर झडप काढून पक्के काम करावे. त्याआधी काही दिवस पोटमाळ्यावर दिवसा बल्ब चालू ठेवला आणि रेडिओ लावून ठेवला, तर अनेकदा हा प्राणी स्वतःहून दुसरीकडे मुक्काम हलवतो. गंधकाची धुरी मात्र देऊ नये. सागवानी तक्तपोशी, शंभर वर्षांचे कोरडे वासे आणि खाली निखारे, हे मला तर ऐकवतही नाही.

जाळी प्लास्टिकची किंवा नायलॉनची वापरू नये. अर्ध्या इंचाची जस्त चढवलेली वेल्डमेश घ्यावी आणि ती चुका न मारता पट्टी व स्क्रूने वाशांना आवळावी. स्वयंपाकघराकडील भोकांना पाव इंचाची जाळी लागते, कारण लहान उंदराला सहा-सात मिलिमीटरची फट पुरते. नळाच्या किंवा वायरीच्या भोवतालची फट असेल तर तीत भांडी घासण्याची तारेची घासणी दाबून वरून सिमेंट भरावे. परसात घुशीची बिळे असतील तर ती नुसत्या मातीने बुजवून उपयोग होत नाही; पूर्वीची माणसे गिलाव्यात काचेचा चुरा मिसळत, तो उपाय आजही चांगला आहे, फक्त लहान मुलीचा हात तेथे पोहोचणार नाही याची काळजी घ्यावी.

आणि उंबराची फांदी. ती कौलांपासून किमान सहा-सात फूट मागे छाटावी. ती राहिली तर बाकीची सर्व मेहनत वाया जाईल.

कोरेगावकर :

वरील सर्व उपाय शास्त्रशुद्ध असतील, परंतु सामान्य माणसाला इतका वेळ कोठून मिळणार? आमच्याकडे धान्याचे गोदाम आहे. आम्ही वर्षानुवर्षे उंदरांसाठी विषारी वड्या वापरतो आणि निकाल आठवड्यात दिसतो. उदमांजराचे जाऊ द्या, पण निदान उंदरांच्या बाबतीत एवढा विचार करण्याचे कारण मला समजलेले नाही.

मिरजेचा पशुवैद्य :

कोरेगावकरांचा प्रश्न रास्त आहे. गोदामात बंद पेटीतून, हिशेब ठेवून विष वापरणे वेगळे. आणि चार वर्षांच्या मुलीच्या घरात, वर संरक्षित प्राणी राहत असताना भाकरीला पेस्ट लावून ठेवणे वेगळे. उंदरांची विषे म्हणून आपण ज्यांना एकाच नावाने ओळखतो ती प्रत्यक्षात अगदी भिन्न द्रव्ये आहेत आणि दुकानात मागताना हा भेद कोणीही विचारात घेत नाही.

ट्यूबमधून मिळणाऱ्या अनेक पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्यावर उतारा नाही. तो माणसाच्या पोटात गेला तर सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस रुग्ण बरा झाल्यासारखा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्या मधल्या बऱ्या दिवसांमुळेच घरचे लोक निर्धास्त राहतात आणि उपचाराला उशीर होतो. काळपट भुकटी असते ती झिंक फॉस्फाइडची. पोटातील आम्लाशी संयोग होऊन तिच्यापासून फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावरही उतारा नाही. कोरेगावकर ज्या वड्या वापरत असतील त्या बहुधा ब्रोमॅडिओलोनच्या असाव्यात. त्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया थांबते आणि उंदीर काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. यावर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, म्हणून तुलनेने हेच विष कमी धोक्याचे. पण उंदीर मरेपर्यंतच्या काळात तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि तेव्हा त्याला मांजर, कुत्रा, घुबड किंवा उदमांजर खाते. हिरड्या पांढऱ्या पडलेली, नाकातून रक्त येणारी कुत्री माझ्याकडे येतात तेव्हा मालकांना आपल्या घरात वड्या ठेवलेल्या होत्या, हे सहसा आठवतच नाही. कोणत्याही प्रकारचे विष माणसाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाचे वेष्टन सोबत न्यावे.

आपल्या घरासाठी मी साधा पिंजरा आणि चापाचा सापळा सुचवीन. घरातला काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून सापळा सुरुवातीला चाप न चढवता, नुसते खोबरे किंवा भज्याचा तुकडा लावून भिंतीला चिकटून ठेवावा. दोन-तीन वेळा आमिष खाल्ले गेले की चाप चढवावा. एकच सापळा जागा बदलत ठेवण्यापेक्षा एकाच रात्री चार-सहा लावणे अधिक परिणामकारक ठरते, कारण उंदरीण तीन आठवड्यांत वितेच आणि आपण एकेक पकडत राहिलो तर तिला गाठता येत नाही. चिकटपट्टीचे सापळे कृपया वापरू नयेत. त्यांत पाली, चिमण्या आणि चिचुंद्र्या अडकून दोन-दोन दिवस तडफडतात. चिचुंद्री तर झुरळे खाते, तिच्याशी आपले भांडण नसावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे तांदळाचे पोते जमिनीवरून उचलून झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत रिकामे करावे, रात्रीची खरकटी भांडी तशीच ठेवू नयेत आणि गळका नळ दुरुस्त करावा. उंदीर असलेल्या घरात त्यांच्या मागावर धामण आणि नागही येतात, हे अजिंक्यताऱ्याच्या उतारावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. त्यांवर ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, थोड्या वेळाने तोंडाला फडके व हातात मोजे घालून पुसून घ्याव्यात. २०१९च्या महापुरानंतर सांगलीत लेप्टोस्पायरोसिसविषयी जी जागृती करण्यात आली, तिच्यात उंदरांच्या मूत्राचा मुद्दा मुख्य होता. पण तो धोका पुरापुरताच असतो, असे नाही.

चिमणपुरेकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पीठ पसरले होते. पाच बोटांचे ठसे स्पष्ट उमटले आहेत. आईला विचारताच, कोणी न सांगता, "भाताचा वास येतो खरा," असे तिने सांगितले. मात्र काल रात्री तो प्राणी बाहेर गेल्यावर मागच्या खणात (छपराच्या मागच्या भागात) बारीक आवाज ऐकू आले. पिल्ले असावीत.

त्यामुळे विषाचा विषय आम्ही बंद केला आहे. पेस्टची जी एक ट्यूब वडिलांनी आणून ठेवली होती ती कुलपात ठेवली आहे. स्वयंपाकघरात पत्र्याची कोठी आली आहे. अडचण एवढीच उरते, की कौलारू कामाची माणसे पुढच्या आठवड्यात येत आहेत आणि नंतर पावसाळा संपेपर्यंत ती मिळणार नाहीत. मागचा खण सोडून बाकीचे काम करून घेता येईल का? आणि त्या खणातील कौले फुटकी असल्यामुळे पाऊस आत येऊ नये म्हणून काय करावे?

कराडचा सुतार :

करून घेता येईल. पुढचे पाखे आणि मधले खण माणसे येतील त्या आठवड्यात चाळून (कौले उतरवून नीट लावून) घ्यावेत व त्यांच्या वळचणीला जाळीही लावून घ्यावी. मागच्या खणाला आणि त्याच्या शेजारच्या एका खणाला हात लावू नये. कामाचा आवाज अगदी जवळ आला तर मादी पिल्लांना तोंडात धरून घरातच दुसरीकडे, बहुधा आपण नुकत्याच दुरुस्त केलेल्या भागात हलवील. म्हणून दुरुस्त झालेला भाग आणि मागचा खण यांच्यामध्ये पोटमाळ्यावर आडवी जाळी बसवून घ्यावी. काम दुपारी चारच्या आत थांबवावे. त्याच माणसांकडून मागच्या खणापुरती कौले, रिपा आणि जाळी मोजून, कापून घरात ठेवून घ्यावी, म्हणजे पिल्ले गेल्यावर पावसाची उघडीप पाहून एक मनुष्यही ते काम पुरे करू शकेल.

फांदी तोपर्यंत छाटू नये, मादीची ये-जा त्याच वाटेने आहे. फुटक्या कौलांवर ताडपत्री टाकावी, परंतु ती वळचणीच्या भोकावर लोंबू देऊ नये. तिची वरची कड आढ्याच्या कौलाखाली सरकवावी आणि खालची कड पन्हाळीच्या बाहेर सोडावी, म्हणजे पाणी भिंतीत मुरणार नाही. बांधायला सुतळी न वापरता तार वापरावी; सुतळी उंदीर दोन रात्रींत तोडतात.